कोमट वायर

१९ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

माझं अक्षर पाकिटावर बघून दचकाल. घाबरू नका, माणसं धडधाकट आहेत, बिघडली आहे ती गाडी. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या खालच्या टायरवाल्याकडे निरोप ठेवावा तर तो गाडीचा निरोप टायरचाच करून सांगेल. म्हणून हे पत्र.

तुमचे भाऊ ऑक्टोबरात गेले, त्यानंतर गाडी शेडमध्ये तशीच उभी होती. नव्या वर्षात मी ती बाहेर काढली. ह्यांनीच मला चालवायला शिकवली होती, आणि शिकवताना आम्ही जेवढे भांडलो तेवढे उरलेल्या संसारात भांडलो नसू. घर टेकडीवर, छापखाना खाली गावात. तपासलेली प्रुफं दर आठवड्याला पोचवायची असतात आणि आता चढ माझ्याने होत नाही, तेव्हा गाडी हवी.

दुखणं असं आहे. ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा नीट पेटत नाही, त्या बाजूचे सगळेच दिवे मिणमिणतात. डावीकडे वळायचा दिवा लावला तर तो एकटा न लुकलुकता शेजारच्याला घेऊन लुकलुकतो. परवा मागून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने मला थांबवून सांगितलं, "मावशी, तुम्ही वळताय की थांबताय, ते एकदा ठरवा."

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा हळू आवाजात माझ्याशी बोलला. सगळं वायरिंग बदलायला सांगतो. आमचे चिरंजीव दर रविवारी फोनवर म्हणतात, गाडीच काढून टाक. पण हे वायरिंग तुम्ही तुमच्या हाताने केलंय असं हे नेहमी सांगायचे, म्हणून आधी तुम्हाला विचारते आहे. आपलं दोघींचं कधी फारसं जमलं नाही. ते बाजूला ठेवून सांगाल का?

तुमची वहिनी

---

२७ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. त्या मेकॅनिकला गाडीला हात लावू देऊ नका.

वायरिंग चांगलं आहे. डाव्या मागच्या दिव्याचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, सुटलाय. करंट दिव्यात जातो तसा त्याला परतही यावं लागतं. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. ती वाट गंजली की करंट शेजारच्या दिव्यातून घुसून परत जायला बघतो. म्हणून सगळे मिणमिणतात.

पहिलं, बॅटरीची काळी वायर काढा. कुठलंही काम असो, आधी हे. दहाचा पाना लागेल, तो दाराच्या कप्प्यात असेल, मीच ठेवला होता. मग डिकी उघडून डावीकडचं पुठ्ठ्याचं अस्तर ओढा. दिव्यामागे एक काळी वायर पत्र्याला बोल्टने आवळलेली दिसेल. बोल्ट काढा. वायरचं टोक आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासा. चकाकला पाहिजे, रंगाचा ठिपका राहता कामा नये. मग घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

झालं की लिहा. जे बघाल ते लिहा, अंदाज लिहू नका.

तुम्ही गाडी चालवता हे मला भावाने सांगितलं होतं. चांगली चालवते म्हणाला होता.

---

८ फेब्रुवारी

वन्सं,

झालं. मी केलं. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की छापखान्यातला शिपाईसुद्धा आता 'अर्थ' म्हणजे काय ते जाणतो.

पाना दाराच्या कप्प्यातच होता. पुठ्ठा ओढायला अख्खी सकाळ गेली, कारण तो ओढायचा की सरकवायचा हे तुम्ही लिहिलं नव्हतं. बोल्टने हलायचं नाव घेतलं नाही. मी त्याला चार शब्द सुनावले, मग तेल सोडलं, मग चहा करून प्यायले, आणि परत आले तेव्हा तो निमूट फिरला. आतला पत्रा असा तांबूस होता की मला माझीच लाज वाटली. घासला. चकाकला. आवळला.

मग दिवे बघायचे तर एकटीने कसे बघणार? ब्रेकवर पाय ठेवून मागे जाता येत नाही. मी गाडी उलटी करून शेडच्या भिंतीला मागची बाजू लावली आणि ब्रेक दाबला. भिंतीवर दोन लाल गोल उमटले, दोन्ही सारखे, ठसठशीत. मी पाय सोडायची आणि दाबायची. बराच वेळ तेच करत बसले. हे असते तर म्हणाले असते, बॅटरी उतरेल.

आता हॉर्न. सरळ जाताना वाजतो, डावीकडे वळताना गप्प बसतो, आणि उजवीकडे वळताना न दाबता स्वतःच बोलतो. काल छापखान्याच्या फाटकात तो असा ओरडला की मालक बाहेर आले आणि प्रुफं उशिरा आल्याबद्दल मला जे बोलायचं होतं ते विसरून गेले. तरी दुरुस्त करावा म्हणते.

वहिनी

---

१७ फेब्रुवारी

वहिनी,

भिंतीची युक्ती चांगली. मी दुकानात हेच करायची.

हॉर्नचं सोपं आहे. स्टिअरिंगच्या मधली टोपी बोटाने उचकटून काढा. बॅटरी आधी सोडा. आत पितळी कडं आहे आणि त्यावर घासणारा एक छोटा दट्ट्या. कड्यावर काळा मळ साचला असेल, तो पुसा. दट्ट्यामागची स्प्रिंग दबलेली असेल तर हलकेच ओढून लांब करा. जास्त ओढाल तर उडेल, आणि मग ती सापडत नाही. माझ्या दुकानाच्या फटींत अशा किती असतील.

दुकान आता माझं नाही. खाली टायरवाला आहे, मी वरच्या खोलीत. दिवसभर जमीन थरथरते, त्यावरून कळतं काम चालू आहे. लोक मला अजून मिस्त्रीणबाई म्हणतात, तोंडाच्या हालचालीवरून तेवढं ओळखू येतं.

भावाला उलटी गाडी कधीच नीट घेता आली नाही. इथे आला की फाटकाला एकदा तरी घासायचाच. तुम्ही पहिल्याच खेपेला भिंतीला लावलीत.

---

२० मार्च

वन्सं,

हॉर्न आता सांगितल्याशिवाय बोलत नाही. स्प्रिंग उडाली होती, पण सापडली, माझ्याच केसांत.

लिहायला उशीर झाला. मध्ये छापखान्याचं काम कमी झालं. मालकांनी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की आता तपासणी यंत्रावरच होते, तरी एखादं अवघड पुस्तक आलं तर मला कळवतील. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, आता घरात शोधायला दुसऱ्या कुणाच्या चुकाही उरलेल्या नाहीत. असो.

गाडीत नवीन दोन दुखणी आहेत. मागे जाताना लागतो तो पांढरा दिवा, त्याचा फ्यूज सारखा जळतो. नवा घातला की दोन दिवसांत पुन्हा तेच. आणि रेडिओ लावला की वायपर आपोआप एक फेरी मारतो. हसू नका. मला वाटतं ही कुठली तरी एकच वायर असेल. तुम्ही सांगाल तसं एकेक करून बघेन. मला वेळ आहे.

तुम्हाला उत्तर द्यायला सवड होईल तेव्हा द्या. पोस्टमन इथे दुपारी येतो.

वहिनी

---

२ एप्रिल

वहिनी,

हे दुखणं किचकट आहे. एका पत्रात होणार नाही.

रोज एकच वायर बघा, घाई करू नका. आधी रिव्हर्सच्या दिव्याची लाइन. तिचा रंग कुठला ते शोधा आणि मला कळवा. मग ती गिअरपर्यंत कुठून जाते ते हाताने चाचपत जा आणि कागदावर काढा. कागद पाठवा. त्यावर मी खुणा करून परत पाठवीन. वायपरचं नंतर. रेडिओचा आवाज किती मोठा ठेवल्यावर वायपर हलतो, कुठली बातमी चालू असताना हलतो, तेही लिहून ठेवा.

पोस्टमन इथे सकाळी येतो. मला त्याची घंटी ऐकू येत नाही, म्हणून मी जिन्यात बसते.

मी आठ वर्षांची आणि तो अकरा, तेव्हा बाबांनी आम्हा दोघांना एक जुना हेडलाइट दिला आणि म्हणाले, जो आधी पेटवेल त्याला उद्या दुकानात बसायला मिळेल. मी पेटवला. तो रडला नाही, तो खूश झाला. त्याला दुकानात बसायचंच नव्हतं. पुढे तो शिकला, ऑफिसात गेला, आणि मी काळ्या हाताची राहिले. लोकांना वाटायचं मला त्याचा राग आहे. तुम्हालाही वाटलं असेल. नव्हता. दर वर्षी तो गाडी घेऊन यायचा, मी ती पूर्ण बघायची, आणि तो शेजारी स्टुलावर बसून बोलत राहायचा. कान गेले त्यानंतरही यायचा आणि बोलायचा. मी हं हं करायची. काय बोलायचा ते मला शेवटची चार वर्षं माहीत नाही.

ते तुम्हाला माहीत असेल तर लिहा.

---

२५ एप्रिल

वन्सं,

ते काय बोलायचे, ते मला माहीत आहे. घरी येऊन मला सांगायचे की आज हिला अमुक सांगितलं, तमुक सांगितलं. बहुतेक माझ्याबद्दलच्या तक्रारी असायच्या. एकदा म्हणाले, "ती ऐकत नाही ना, म्हणून तिला सगळं सांगता येतं." मला तेव्हा राग आला होता. आता तसा येत नाही.

वायरींचा कागद सोबत आहे. मला चित्र काढता येत नाही, गिअर जरा किटलीसारखा झालाय. वायरचा रंग मला हिरवट वाटला.

आणखी एक. हे आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी दिवे लावून परत येत होते. थोडं अंतर गेल्यावर जळक्या रबराचा वास आला. दिवे बंद केले, वास गेला. घरी आल्यावर पुन्हा दिवे लावून बसले, पुन्हा आला. स्टिअरिंगच्या खाली हात घातला तर एक वायर कोमट लागली. बाकीच्या गार होत्या. फ्यूजच्या पेटीत सगळे फ्यूज ठीक आहेत.

कुठे लांब जायचं झालं तर गाडी न्यावी का? समजा, दिवसभराचा प्रवास. अजून काही ठरलेलं नाही, सहज विचारते.

वहिनी

---

६ मे

वहिनी,

किटली बरोबर काढली आहे. हिरवट वायर सापडली म्हणजे निम्मं काम झालं. मी कागदावर लाल खुणा केल्या आहेत. पुढच्या वेळी खूण क्रमांक दोनपासून पुढे जा.

वासाचं मनावर घेऊ नका. गाडी म्हातारी झाली की तिच्या अंगाला वास येतो, माझ्याही येतो. त्या कोमट वायरकडे आपण वायपर संपल्यावर बघू. कामं संपली तर लिहायचं काय?

लांब जायचं तर खुशाल जा. दिवसा जा म्हणजे दिव्यांची गरजच नाही. कुठे जाताय ते लिहिलं नाही. चिरंजीवांकडे असेल.

तक्रारी कसल्या असायच्या तेही लिहा. मला आवडेल.

---

२१ मे

वन्सं, नमस्कार.

माझ्या उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून इथल्या नर्सबाई लिहून देत आहेत. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही.

काळजीचं काही नाही. घाटात सकाळी दाट धुकं होतं. समोरच्याला मी दिसावी म्हणून दिवे लावले. अर्ध्या वाटेवर स्टिअरिंगखालून धूर यायला लागला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, आणि पहिल्यांदा बॅटरीची काळी वायर सोडली, तुम्ही दर वेळी सांगता तशी. तोपर्यंत आत डॅशबोर्डखाली पेटलं होतं. पायाखालचं जाजम घेऊन मी ते दाबलं. एका ट्रकवाल्याने पाणी ओतलं आणि मला इथे आणून सोडलं. तळहात भाजलाय, बोटं शाबूत आहेत. आठवड्याभरात घरी सोडतील. गाडी त्याच ट्रकवाल्याच्या ओळखीने टेकडीवर शेडमध्ये पोचली आहे. पुढचा भाग आतून काळा झालाय म्हणे.

तुम्ही स्वतःला काही लावून घेऊ नका. धुकं पडेल हे तुम्हाला कसं कळणार?

वहिनी

ताई, मी नर्स. हे त्यांना वाचून न दाखवता खाली लिहिते आहे. त्या सांगू नका म्हणाल्या, पण त्या तुमच्याकडेच निघाल्या होत्या. तुम्हाला न कळवता दारात उभं राहायचं होतं त्यांना. इथे त्यांना भेटायला कुणी आलेलं नाही. रविवारी मुलाला त्यांनी इथूनच फोन केला आणि बोट कापलं एवढंच सांगितलं.

---

२५ मे

वेडी आहेस का तू? जळत्या वायरीवर हात घालतं का कुणी? धूर दिसला की काळी वायर सोडायची आणि लांब पळायचं, हे मी लिहिलं नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं मला वाटलं नाही. गाडी जळू द्यायची होतीस.

आता ऐक. हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर मला झोप लागणार नाही.

त्या गाडीला रिव्हर्सचा दिवा नाही. त्या मॉडेलला तो नव्हताच. मागे जी पांढरी काच दिसते तिच्यामागे नुसता पत्रा आहे. रेडिओ मी बसवला, त्याची वायर थेट बॅटरीवरून आहे, वायपरची आणि त्याची ओळखसुद्धा नाही. तुझं मार्चमधलं पत्र वाचून मी जिन्यात एकटी हसले. मग मला कळलं तू ते का लिहिलंस. मी वर गेले आणि नसलेल्या दिव्यावर दोन पानं लिहिली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. तू पाठवलेल्या किटलीवर मी लाल खुणा केल्या, तेव्हाही.

आणि म्हणून वासाचं पत्र आलं तेव्हा मी समजले, ही तिसरी थाप. चेष्टा केली. खुशाल जा म्हणाले.

काल ते पत्र काढून पुन्हा वाचलं. एक वायर कोमट लागली, बाकीच्या गार होत्या, असं लिहिलं होतंस. थाप मारणाऱ्याला कोमट सुचत नाही, तो गरम म्हणतो. हेडलाइटच्या लाइनीला त्या गाडीत फ्यूज नाही. ती इंजिनाच्या बाजूने आत येते तिथे पत्र्याच्या भोकात एक रबरी कडं असतं. रबर सुकून गळून पडलं असणार आणि वायर पत्र्यावर घासत राहिली. कुणीही दुसऱ्याने हे विचारलं असतं तर मी तारेने कळवलं असतं की दिवे लावू नका. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की जे दिसतं ते लिहा. तू लिहिलंस, आणि मी वाचलं नाही.

मी येते आहे. कान गेल्यापासून गावाबाहेर पडलेली नाही, बसमध्ये कुठलं ठिकाण आलं ते ऐकू येत नाही. ड्रायव्हरच्या मागे बसेन आणि त्याच्या हातात चिठ्ठी देईन. वायरचं बंडल बरोबर आणते. नको म्हणून लिहू नकोस, पत्र पोचेपर्यंत मी निघालेली असेन.

---

३० जून

वहिनी,

घरी पोचले. ड्रायव्हर भला होता, दोनदा मागे वळून माझ्याकडे बघून हात हलवला.

गाडी आता नवी समज. पुढून मागेपर्यंत सगळी वायर बदलली आहे, हेडलाइटला फ्यूज घातलाय, प्रत्येक भोकात नवं रबर आहे. अर्थच्या जागा घासून दुप्पट बोल्ट टाकले. डॅशबोर्ड काळा दिसतो, त्याचं मी काही करू शकत नाही. चालवायला सुरुवात कर, हाताची कातडी ओढली तरी कर.

तुझ्याकडे राहून आले आणि तुला काही सांगायचं राहून गेलं. मला तोंडावर बोलता येत नाही. मी बोलते तेव्हा माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं की तो फार मोठा झालाय. तू दोनदा कपाळाला आठी घातलीस. तेव्हापासून मी गप्प बसले. तू रागावली नव्हतीस, हे मला इथे आल्यावर सुचलं.

शेवटच्या दिवशी मी सगळे दिवे एकदम लावून तुला दाखवले, तेव्हा तू काहीतरी लांबलचक बोललीस. मी हं म्हटलं. काय बोललीस?

आता त्या गाडीत बिघडण्यासारखं काही मी ठेवलेलं नाही. तेव्हा पुढच्या पत्रात तुला दुसरं काहीतरी लिहावं लागेल.

---

९ जुलै

वन्सं,

तुझं पत्र आलं. 'वन्सं' आणि 'तू' एका ओळीत बसत नाहीत हे मला तुझ्याआधी कळतं, पण तसंच राहू दे. सुरुवात तूच केली आहेस.

आधी माझं. तू इथे होतीस ते दिवस मला कसे गेले ते सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. तू यायच्या आधी मी किती ठरवलं होतं, काय काय बोलायचं म्हणून. पहिल्या दिवशी जेवताना मी बोलत बसले. ह्यांचं शेवटचं दुखणं सांगत होते, जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि सांगता सांगता बघते तर तू ताटाकडे बघत जेवत होतीस. तुला दिसलंच नव्हतं की मी बोलते आहे. मग मी चिठ्ठ्या लिहायला लागले. हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताने, एकेक शब्द. 'मीठ.' 'उद्या.' 'झोप.' चार पानं लिहिणाऱ्या आपण दोघी समोरासमोर बसून एकेका शब्दाच्या झालो. तू शेडमध्ये काम करायचीस, मी दारात उभी राहून तुझ्या पाठीकडे बघायची. घरात माणूस होतं, आणि संध्याकाळी मला पोस्टमनची आठवण यायची.

आठी हाताच्या दुखण्याची होती. तुझा आवाज मोठाच आहे, पण या घरात आवाज मोठा झाला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

तू गेलीस त्या दिवशी बस वळणाआड जाईपर्यंत थांबले. घरी येऊन बघितलं तर तू माझ्या सगळ्या खोल्यांतले दिव्यांचे खटके घट्ट करून ठेवले होतेस आणि मला सांगितलंही नव्हतंस. मी ते एकेक लावून बघितले.

शेवटच्या दिवशी काय बोलले ते विचारतेस. म्हटलं होतं की ह्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. मी घरात कुणाला फार जवळ येऊ दिलं नाही. तुला तर नाहीच. तुझे काळे हात बघून मी पहिल्या भेटीत तुला बसायला लाकडी खुर्ची दिली होती, गादीची नाही. तू ती आनंदाने घेतलीस, म्हणून मला आणखीच राग आला. एवढंच म्हटलं होतं. मग म्हटलं, राहा अजून थोडे दिवस. तू हं म्हणालीस आणि बॅग उचललीस. मला माहीत होतं तुला ऐकू आलेलं नाही. ऐकू येत असतं तर मी ते म्हटलं नसतं.

तर आता लिहून सांगते. राहायला ये, असं म्हणत नाही. आपल्याला ते जमत नाही, दोघींनीही बघितलं. लिहीत राहा. मीही लिहीन. इथे सांगण्यासारखं फार घडत नाही. सकाळी खाली गावात जाऊन येते, छापखान्यावरून जाते पण थांबत नाही. चिरंजीवांना हाताचं खरं सांगितलं, ते चिडले, मग पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. येतील की नाही माहीत नाही.

गाडी सुरळीत आहे. मला आज दिवसभर फार एकटं वाटलं. एवढंच लिहायचं होतं.

वहिनी